बुद्ध सर्किटच्या कुंपणाबाहेरून

दिल्लीला जाणारे आपले बांधव २६, अलीपूर रोडला जातात. बाबासाहेबांनी जेथे अखेरचा श्वास घेतला त्या वास्तूसमोर नतमस्तक होतात, मग लाल किल्ला, कुतुबमिनार पाहून परतीची गाडी धरतात. यमुना ओलांडून पलीकडे फारसे कोणी जात नाही. वास्तविक पलीकडे जो जिल्हा लागतो त्याचे नावच गौतम बुद्ध नगर आहे. मायावतीजी मुख्यमंत्री असताना १९९७ साली तो निर्माण झाला. याच जिल्ह्यात तथागतांच्या नावाने एक विद्यापीठ आहे आणि तथागतांच्याच नावाने मोटारींच्या शर्यतीचा एक ट्रॅक आहे. बुद्ध इंटरनॅशनल सर्किट. गेल्या हिवाळ्यात मी, सौ. आणि नातू असे तिघे ते सारे पाहून आलो.

माझा भाचा ग्रेटर नोएडात एका कारखान्यात कामाला आहे. तोच म्हणाला, "मामा, तुम्ही आयुष्यभर एस.टी. चालवलीत, तुम्ही तो ट्रॅक बघायलाच पाहिजे." सौ.ला शर्यतीशी काही देणेघेणे नव्हते. "बुद्धाचे नाव मोटारींच्या रेसला? शोभते का?" हा तिचा प्रश्न. विहारातल्या महिला मंडळातही तिने तो विचारला होता म्हणे. पण वाटेत प्रेरणा स्थळ लागते म्हटल्यावर ती तयार झाली.

मेट्रोने ओखला पक्षी अभयारण्य या स्टेशनावर उतरलो. राष्ट्रीय दलित प्रेरणा स्थळ तेथून जवळच यमुनेच्या काठी आहे. सुमारे ८२ एकरांचा विस्तार, दगडी हत्तींच्या रांगा आणि मध्ये उंच घुमट. आत बाबासाहेब, मान्यवर कांशीरामजी आणि मायावतीजी यांचे पुतळे आहेत. २०१२ च्या निवडणुकीत हत्ती हे पक्षाचे चिन्ह म्हणून निवडणूक आयोगाने हे सारे हत्ती झाकायला लावले होते. नातवाला ही गोष्ट फार आवडली. एवढे मोठे हत्ती झाकले कसे, कापड किती लागले असेल, हे तो मोजत बसला. या स्थळाचे उद्घाटन १४ ऑक्टोबर २०११ रोजी झाले. १४ ऑक्टोबर म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

त्याच महिन्यात त्या जिल्ह्यात आणखी बरेच घडले. १८ तारखेला रेसचा ट्रॅक खुला झाला. २१ तारखेला अलाहाबाद उच्च न्यायालयाने नोएडा आणि ग्रेटर नोएडाच्या शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, की संपादित जमिनीचा मोबदला ६४.७ टक्के वाढवून द्या आणि दहा टक्के विकसित जमीन परत द्या. तीन गावांचे संपादन तर न्यायालयाने रद्दच केले. आणि ३० तारखेला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. जर्मनीचा सेबास्टियन वेटेल जिंकला. शेवटचा चौकटीचा झेंडा आपल्या सचिन तेंडुलकरने फडकवला आणि विजेत्याला चषक दिला मुख्यमंत्री मायावतीजींनी. हे चित्र मी तेव्हा डेपोच्या विश्रांती खोलीत टी.व्ही.वर पाहिले होते. राजेरजवाडे आणि कोट्यधीशांच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या खेळाचा चषक एका दलित स्त्रीच्या हातून दिला जात होता. खोलीत आम्ही पाचसहा जण होतो आणि सगळे गप्प झालो होतो. ते मी विसरलेलो नाही.

बॉटनिकल गार्डनला गाडी बदलून सेक्टर ५२ ला उतरलो. तेथून थोडे चालून सेक्टर ५१ ला ग्रेटर नोएडाची मेट्रो मिळते. ती २०१९ पासून सुरू आहे. खिडकीतून उंचच उंच इमारती दिसतात. कित्येक नुसत्या सांगाड्याच्या उभ्या, खिडक्या नाहीत, रंग नाही. घरासाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांची ही वस्ती. परी चौकात उतरलो तेव्हा भाचा गाडी घेऊन उभा होता.

ट्रॅक तेथून काही मैलांवर, आग्र्याला जाणाऱ्या यमुना एक्सप्रेसवेच्या सुरुवातीलाच आहे. हा १६५ किलोमीटरचा रस्ता, म्हणजे मुंबई ते नाशिक एवढाच, २०१२ साली सुरू झाला. रस्ता बांधणारी आणि ट्रॅक बांधणारी मंडळी एकच, जेपी समूह. ट्रॅकचे नावही आधी समूहावरूनच होते. २०११ च्या एप्रिलमध्ये ते बदलून, जिल्ह्याच्या नावावरून 'बुद्ध' केले गेले. म्हणजे सौ.च्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे, की शर्यतीला बुद्धाचे नाव कोणी भक्तिभावाने दिलेले नाही. जिल्ह्याला होते, ते ट्रॅकला मिळाले. ती म्हणाली, "बरे झाले. पण मग त्या नावाचा मान राखला का, ते सांगा."

शर्यत नसली की फाटक बंद असते. आम्ही गेलो त्या दिवशीही बंद होते. पहारेकरी सभ्य होता. आत सोडता येणार नाही म्हणाला, पण नातवाचा चेहरा पाहून फाटकाजवळ उभे राहायला हरकत घेतली नाही. समोर मोठ्या प्रेक्षागृहाचे छप्पर, त्यामागे उंचवटा, आणि बाकी सगळी शांतता. भाच्याने २०२३ च्या सप्टेंबरात मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतीच्या वेळी तीन दिवस आत पाण्याच्या स्टॉलवर काम केले होते, म्हणून आतली माहिती त्याच्याकडून मिळाली. तेव्हा उकाडा इतका होता की शर्यतीच्या २४ फेऱ्यांच्या २१ कराव्या लागल्या. इटलीचा बेझेकी जिंकला. "मामा, त्या तीन दिवसांत मी जेवढे पाणी वाटले, तेवढे गावाकडे टँकरलाही येत नसेल."

ट्रॅकची लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणे सोळा. हर्मान टिल्के या जर्मन वास्तुतज्ज्ञाने त्याची आखणी केली. एकूण आवार सुमारे ८७५ एकर. मूळची जमीन सपाट, गंगा-यमुनेच्या दुआबातली, पण शर्यतीला चढउतार हवेत म्हणून माती टाकून टेकाडे केली. तिसऱ्या वळणापर्यंत गाडी चढावर जाते, तेथून लांबलचक सरळ पट्टा लागतो आणि त्यावर फॉर्म्युला वनची गाडी ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे पळते. मग चौथ्या वळणाला एकदम ब्रेक. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला यातली खरी कसोटी लगेच कळेल. सरळ रस्त्यावर कोणीही ॲक्सिलरेटर दाबतो. ब्रेक कुठे मारायचा, वळणात कुठून शिरायचे आणि कुठून बाहेर पडायचे, यात ड्रायव्हर दिसतो. फरक एवढाच, की कसारा घाटात चुकीला दरी असते. येथे चुकीसाठी वळणाबाहेर मोकळी जागा आणि टायरच्या भिंती ठेवलेल्या असतात.

२०११ ची शर्यत ६० फेऱ्यांची, ३०७ किलोमीटरची होती. वेटेलने ती दीड तासात संपवली. आमची लाल गाडी मुंबईहून नाशिकला जाऊन परत यायला, थांबे धरून, दिवस खाते. अर्थात त्याच्या गाडीत एकच माणूस असतो. आमच्या गाडीत पंचावन्न, शिवाय कोंबड्या.

आणखी एक गोष्ट भाच्याने सांगितली, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. याच ट्रॅकवर २०१४ पासून काही वर्षे टाटांच्या ट्रकच्या शर्यती झाल्या. पहिल्या वर्षी ट्रक आपले, पण चालवणारे परदेशी. २०१६ पासून मात्र आपल्याकडचे ट्रक ड्रायव्हर निवडून, त्यांना शिकवून, शर्यतीत उतरवले गेले. ज्या माणसाला नाक्यानाक्यावर 'ए ड्रायव्हर' म्हणून हाक मारतात, तो हेल्मेट घालून त्याच ट्रॅकवर उतरला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. फॉर्म्युला वनच्या पहिल्या शर्यतीचे सर्वांत स्वस्त तिकीट अडीच हजारांचे होते. त्या पैशात माझ्या घरचा तेव्हाचा महिन्याचा किराणा आला असता. ट्रकची शर्यत मात्र मी पैसे मोडूनही बघायला गेलो असतो.

फॉर्म्युला वन येथे तीनच वर्षे टिकली. २०११, २०१२ आणि २०१३, तिन्ही वेळा वेटेलच जिंकला. शेवटच्या खेपेस चौथे जगज्जेतेपद मिळाल्याच्या आनंदात त्याने गाडी जागच्या जागी गरगर फिरवली आणि खाली उतरून तिच्यापुढे गुडघे टेकले. त्याबद्दल त्याच्या संघाला दंडही झाला. पुढे सगळे करांच्या भांडणात अडकले. ही शर्यत खेळ की करमणूक, हा वाद होता. करमणूक म्हटली की करमणूक कर आला. पहिल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तिकिटांच्या पैशाचा चौथा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवायला लावला. २०१७ मध्ये फॉर्म्युला वनच्या कंपनीने भारतात प्राप्तिकर भरलाच पाहिजे असाही निकाल लागला, पण तोवर शर्यत जाऊन चार वर्षे झाली होती. जेपी समूह कर्जात बुडाला. थकबाकीपोटी यमुना प्राधिकरणाने २०२० साली जमिनीचे वाटप रद्द केले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते रद्द करणे योग्य ठरवले.

फाटकापासून थोड्या अंतरावर झाडाखाली चहाची टपरी होती. चहावाला पन्नाशीचा, जवळच्याच गावातला. आम्ही 'जय भीम' म्हणताच त्याने चटकन वर पाहिले, 'जय भीम' म्हटले आणि बाकडे पुसून दिले. मग बोलणे निघाले. त्याचा बाप या जमिनींवर बटाईने शेती करायचा. जमीन मालकाची, कष्ट याचे, धान्य ठरलेल्या वाट्याने. आई कापणीला जायची, येताना म्हशीला चारा आणायची. मी विचारले, "मग जमीन गेली तेव्हा तुम्हाला काय मिळाले?" तो हसला. "साहेब, पैसा जमिनीचा मिळतो. आमच्याकडे जमीन कुठे होती? मालकाने तीन मजली घर बांधले, गाडी घेतली. आमची म्हैस विकली गेली, चाराच राहिला नाही."

ट्रॅकची जमीन घेतली तेव्हा १८९४ सालचा इंग्रजी कायदा चालू होता. सातबारावर, तिकडे खतौनीवर म्हणतात, नाव असेल त्याला मोबदला. बटाईदार, शेतमजूर या कायद्याला दिसतच नव्हते. मोबदल्यासाठी मालक शेतकरी भांडले, आणि भांडण साधे नव्हते. २०११ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातल्या भट्टा-पारसौल गावी गोळीबार झाला, दोन शेतकरी आणि दोन पोलीस मेले. त्यानंतर देशभर गवगवा झाला आणि २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या या कायद्यात, जमीन नसलेला पण तीन वर्षे त्याच जमिनीवर पोट असलेला मजूर आणि बटाईदारही 'बाधित कुटुंब' धरला जातो. आपल्या गावाकडे धरण, एम.आय.डी.सी., महामार्ग येत असेल तर ही तरतूद लक्षात ठेवावी. चहावाल्याला तिचा उपयोग नव्हता. त्याची जमीन, म्हणजे मालकाची, आधीच गेली होती.

मी त्याला विचारले, "मायावतीजींच्या राज्यातच हे झाले ना? राग नाही येत?" तो थोडा वेळ दूध ढवळत राहिला. मग म्हणाला, "बहनजींच्या राज्यात ठाण्यात आमची तक्रार लिहून घेत होते. ही गोष्ट लहान नाही. पण म्हैसही लहान नव्हती." सौ.ने माझ्याकडे पाहिले. तिच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर तिला मिळाले असावे. नंतर त्यावर ती काही बोलली नाही.

जवळच दनकौर नावाचे जुने गाव आहे. तेथे द्रोणाचार्यांचे मंदिर आहे आणि एकलव्याने मूर्तीसमोर धनुर्विद्या येथेच साधली असे तिकडचे लोक मानतात. आम्ही आत गेलो नाही. नातवाने विचारले, "आजोबा, अंगठा नसेल तर स्टिअरिंग धरता येईल का?" मी म्हटले, धरता येईल, पण वळणात सुटेल.

परतताना गौतम बुद्ध विद्यापीठात गेलो. २००८ पासून तेथे वर्ग चालतात. आवार प्रचंड आणि हिरवेगार आहे, मध्ये ध्यान केंद्र आहे. बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे आणि त्यात व्हिएतनाम, म्यानमारचे भिक्खू शिकायला येतात. चीवर घातलेले दोन तरुण भिक्खू सायकलवरून चालले होते. सौ.ने हात जोडले, त्यांनी सायकली थांबवून आशीर्वाद दिला. कोठून आलात, असे इंग्रजीत विचारले. भाच्याने सांगितले, नाशिक. त्यांना नाशिक ठाऊक नव्हते, पण त्रिरश्मी लेण्यांचे नाव घेताच एक जण ओळखीचे हसला.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी सकाळी प्रेरणा स्थळ आणि दुपारी विद्यापीठ असा बेत करावा. ट्रॅक आतून पाहायचा तर शर्यतीचा दिवस पाहूनच जावे लागते, एरवी फाटकावरूनच दर्शन. परी चौकातून भाडे आधी ठरवावे आणि परतीची गाडी सोडू नये, तिकडे अंधार पडल्यावर वाहन मिळत नाही. टपरी फाटकाच्या अलीकडे डाव्या हाताला आहे. चहा आले घातलेला, कडक मिळतो.