टपाखालचं ऊन

जुन्या गाडीच्या टपाला आतून काय लावायचं, हे भातकुलीत नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते होरपळीचे नऊ दिवस, ठरवतो. पुण्या-मुंबईची माणसं या कामात आधी आवाजाचा विचार करतात. आमच्याकडे आधी ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, टपाच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि त्या पत्र्यात अन् बसणाऱ्याच्या डोक्यात असतं फक्त एक रेक्झिनचं अस्तर.

माझ्याकडे जास्त करून पद्मिनी येतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, फियाट 1100 वरून घडलेली ही गाडी. आमच्या भागात ती वडिलांची आठवण म्हणून शेडखाली उभी असते. मालकाचं एकच सांगणं असतं, "भाऊ, आतून काई आवाज नाई आला पायजे." इंजिनाचा आवाज पुढच्या पत्र्यातून आणि तळातून येतो; टप फक्त स्वतःचा आवाज काढतो, एवढं मी त्यांना आधीच समजावतो. काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. अशा रस्त्यावर टपाचा एवढा मोठा पत्रा सतत थरथरतो आणि डफासारखा घुमतो. ती घुमारी मारली की निम्मं काम झालं.

अस्तर उतरवताना मी घाई करू देत नाही. ते तारेच्या कमानींवर ताणलेलं असतं आणि प्रत्येक कमानीचा बाक वेगळा. पुढून मागे क्रमानं चिकटपट्टीवर आकडे लिहून ठेवायचे. कमानींची अदलाबदल झाली तर अस्तराची सुरकुती जन्मभर जात नाही. वर पत्र्याला जुनं वाळलेलं सोल्युशन, गंजाची भुकटी आणि बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीत कुंभारमाशीची मातीची घरंसुद्धा सापडतात. सगळं खरवडायचं, पण पाण्यानं पुसायचं नाही. आपण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहतो. इथलं बोअरचं पाणी वाळलं की मीठ मागे उरतं, आणि अस्तराखाली तेच गंजाला पोसतं. थिनरनं पुसून, गंज दिसेल तिथे प्रायमर मारूनच पुढचं काम.

मग ब्युटाइल रबराची, वर अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली दोन मिलिमीटरची शीट. ती मी पूर्ण टपाला लावत नाही. मधला, सगळ्यात जास्त थरथरणारा भाग बोटानं ठोकून शोधायचा आणि साधारण निम्मा पत्रा झाकायचा. चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो वजन पडतं. 1089 सीसीच्या गाडीच्या डोक्यावर उगाच ओझं कशाला? शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवायचा. आधी ठोकल्यावर 'टण्ण' म्हणणारा पत्रा आता 'ठक' म्हणतो. तो बदल ऐकला की मला अजूनही बरं वाटतं.

स्वस्त पडते म्हणून कुणी डांबरी शीट मागितली, तर मी काम घेत नाही. आपल्या उन्हात ती मऊ होते, वास मारते, सुटून अस्तरावर लोंबते आणि डाग पाडते. कापसाचा मुलूख असल्यामुळे रुई भरायचंही कोणी ना कोणी सुचवतंच. रुई आवाज पिते, ऊनही अडवते, हे खरं. पण टपाच्या कडेच्या पन्हळीतून थेंब झिरपला तर तीच रुई तो महिनोन्महिने पत्र्याला चिकटवून ठेवते. म्हणून मी बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा फोम वापरतो. सहा मिलिमीटर पुरे.

या फोमच्या एका बाजूला चकचकीत पापुद्रा असतो; ती बाजू खाली, अस्तराकडे हवी आणि दोहोंच्या मध्ये बोटभर हवा मोकळी राहिली पाहिजे. चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी सोडतो, पण समोर मोकळी जागा असेल तरच. कितीतरी गाड्यांत जाड फोम कोंबून ही पोकळी बुजवलेली असते. पैसे जातात, ऊन तसंच राहतं.

अस्तर परत चढवण्याआधी ते तासभर उन्हात पसरायचं. रेक्झिन नरमतं, घड्या आपोआप उलगडतात. चिकटवण्याचं काम मात्र मी दिवाळी ते होळीच्या दरम्यानच घेतो. मेमध्ये सोल्युशन लावता लावता सुकतं, पावसाळ्यात दमट हवेनं पकड धरत नाही. आधी काचांच्या पुढच्या-मागच्या कडा, मग दारांच्या बाजू, मधून कोपऱ्यांकडे ताणत.

गाडी घेऊन जाताना हिशेबातले थोडे पैसे मी मालकाकडेच राहू देतो. नवतपा गेला आणि पहिला पाऊस पडला की गाडी परत आणायची. तेव्हा मी कडा सुटल्यात का पाहतो, दाराचं बीडिंग थोडं उचलून आत बोट फिरवतो, ओल लागते का बघतो. बोट कोरडं निघालं तरच उरलेले पैसे घेतो.