सूर्य किती आहेत तुझ्याकडे?

आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि भावाने कामं वाटून टाकली. हॉल, गुरुजी, आचारी त्याच्याकडे. माझ्याकडे ‘तेवढं ते फोटोंचं’. मी शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, त्यामुळे अख्ख्या घरात माझ्याइतकं रिकामं कुणी नाही असा सगळ्यांचा समज. मीही भाबडेपणाने हो म्हणून बसले. माझ्या डोळ्यांपुढे होता काळ्या जाड पानांचा अल्बम, चारी कोपऱ्यांना चिकटवायचे ते कॉर्नर, खाली पांढऱ्या शाईने नावं. भाची म्हणाली, “आत्या, तसलं नाही गं. डिजिटल स्क्रॅपबुक. कॉम्प्युटरवर पानं करायची नि छापून आणायची. सोप्पं असतं. मी शिकवते ना.”

‘सोप्पं’ या शब्दाला दोन प लावून तरुण मुलं जे काही सांगतात, त्यावर मी यापुढे विश्वास ठेवणार नाही.

दिवाळीत सोलापूरला गेले तेव्हा माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, काढलेले सगळे फोटो. अण्णांकडे आगफा क्लिक-थ्री होता. त्याला धड काही फिरवायला नाही. एक उन्हाची खूण, एक ढगाची, आणि बटण. 120 नंबरचा रोल, एका रोलमध्ये 12 फोटो, सगळे चौकोनी. म्हणजे सहलीला निघताना दोन रोल घेतले की 24 क्षण झाले, त्यापुढे तुम्ही डोळ्यांनी बघा. डिसेंबर 1979 ची आमची सहल अशा 24 फोटोंची आहे : सोलापूरहून मीटरगेजच्या गाडीने विजापूर, मग बदामी, मग गदगला गाडी बदलून होस्पेट आणि तिथून हंपी. मी बारा वर्षांची होते. फोटो स्टुडिओवाल्याने निगेटिव्हच्याच मापाचे काढून दिलेले, जेमतेम सहा सेंटिमीटरचे, कडेला कातरलेली पांढरी नक्षी. पोस्टाच्या मोठ्या तिकिटापेक्षा थोडे मोठे, इतकंच.

भाचीच्या स्कॅनरवर मी ते एकेक ठेवत गेले. दोन संध्याकाळी गेल्या. तिसऱ्या दिवशी तिने फायली उघडून बघितल्या नि कपाळाला हात लावला. मी सगळं 300 डीपीआयवर स्कॅन केलं होतं. आता मी कॉम्प्युटरमधली अडाणी असले तरी गणितातली नाही, त्यामुळे चूक कळली तेव्हा चांगलीच झोंबली. फोटो साधारण सव्वादोन इंचांचा. इंचाला 300 ठिपके, म्हणजे एका बाजूला जेमतेम 700 ठिपके. हा फोटो पानावर आठ इंचांचा करायचा, तर इंचाला नव्वदसुद्धा उरत नाहीत, आणि छापायला हवेत 300. चेहरे म्हणजे ओल्या भिंतीवरचे डाग दिसले असते. पुन्हा सगळे 1200 वर स्कॅन केले. स्कॅनरचा दिवा इकडून तिकडे सरकायला इतका वेळ घ्यायचा की मधल्या वेळात मी भावजयीला करंज्यांना मुरड घालून दिली.

परत येताना आई माझ्याबरोबर पुण्याला आली. डबा सोलापुरातच राहिला. तेव्हा ते खटकलं नाही.

कॉम्प्युटरवर भाचीने गिंप नावाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. फुकट मिळतं आणि त्यात सगळं करता येतं. यातलं दुसरं वाक्य धमकीसारखं आहे, हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. नवीन पान उघडलं : 12 इंच बाय 12 इंच, 3600 गुणिले 3600, म्हणजे एक कोटी एकोणतीस लाख साठ हजार ठिपके, सगळे पांढरे, सगळे माझी वाट बघत. त्यावर मी फोटो आणून टाकला, तर तो आला आणि त्याच्याभोवती तुटक रेषेची मुंग्यांची रांग चालायला लागली. कुठेही क्लिक करा, मुंग्या चालूच. मी ब्रश घेऊन पानावर रेघ ओढली, रेघ उमटेना. पुन्हा ओढली. मग फोनवर भाचीला म्हटलं, “तुझं हे यंत्र बिघडलंय.”

“आत्या, तू कुठल्या लेअरवर आहेस?”

“म्हणजे?”

इथे अर्धा तास गेला. पण एकदा कळल्यावर मला हसूच आलं, कारण ही गोष्ट मी 33 वर्षं वर्गात करत होते. भूगोल शिकवताना आम्ही महाराष्ट्राचा कोरा नकाशा घ्यायचो, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून नद्या काढायचो, त्यावर दुसरा ठेवून पिकं, तिसऱ्यावर लोहमार्ग. नद्या चुकल्या तर फक्त नद्यांचा कागद बदलायचा, नकाशाला धक्का नाही. लेअर म्हणजे हेच. मी मघाशी खालच्या कागदावर रेघा ओढत होते आणि वरच्या कागदावरचा फोटो त्या झाकत होता. फोटो उचलल्यावर खाली सगळ्या रेघा सापडल्या. एकूण 17.

मग मात्र मला जोर चढला. भाचीने ‘किट’ म्हणून एक फोल्डर दिलं होतं, त्यात पानांच्या मागे लावायचे कागद, रिबिनी, बटणं, फुलं, चिकटपट्ट्या. बहुतेक माल परदेशी. पिवळी पडलेली मेपलची पानं, भोपळे, बर्फाचे कण. हंपीच्या त्या भाजून निघालेल्या दगडांच्या शेजारी बर्फाचे कण! पण फुकट मिळालेलं सोडवत नाही. मी पहिल्या पानावर नऊ फोटो बसवले, चार फुलं, दोन रिबिनी, एक बटण, मध्ये सोनेरी अक्षरांत आईचं नाव. केलं नि भाचीला पाठवलं. तिचं उत्तर आलं, “आत्या, छान आहे. फक्त खाली शुभेच्छुक लिहायचे राहिलेत.”

तिचं बरोबरच होतं. चौकात लागतो तसला वाढदिवसाचा फ्लेक्स झाला होता. सगळं पुसलं. भोपळे, बर्फ, रिबिनी, सगळी रद्दी. मग मला आईच्या ट्रंकेतली इरकल आठवली. इरकल जिथली, ते इलकल बदामीपासून फार लांब नाही. त्या सहलीतच अण्णांनी तिला घेतलेली, काळसर जांभळी, लाल काठाची. तिचा टोपपदर सरळ स्कॅनरच्या काचेवर पसरला, वरून झाकण दाबलं. पडद्यावर जे आलं ते बघून आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली. लाल रेशमातले पांढरे दात एकेक धाग्यासकट दिसत होते. हा झाला माझा मागचा कागद. या एका गोष्टीचं श्रेय मी कुणालाही देणार नाही.

पुढे सावल्यांचं प्रकरण.

फोटो पानावर नुसता ठेवला तर तो छापल्यासारखा सपाट दिसतो. त्याच्या कडेला हलकी सावली टाकली की खरंच कुणी कागदावर ठेवलाय असं वाटतं. तिला ड्रॉप शॅडो म्हणतात. किती ठिपके आडवी, किती ठिपके उभी, किती धूसर, असे आकडे भरायचे. मी प्रत्येक फोटोला मन लावून सावली घातली. भाचीला पान पाठवलं. या वेळी तिने फोनच केला.

“आत्या, सूर्य किती आहेत तुझ्याकडे?”

बघते तर एका फोटोची सावली उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे, तिसऱ्याची चक्क वर. भूगोलाच्या बाईला हे सांगावं लागावं! दरवर्षी मैदानात काठी पुरून मुलांना तासातासाला सावली मोजायला लावणारी मी. पुढचा सगळा दिवस मी सूर्य डावीकडे वर आणून ठेवण्यात घालवला.

आणि त्याच झपाट्यात ती दुसरी गोष्ट केली.

हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथासमोरचा आमचा फोटो आहे. हाच तो नव्या पन्नासच्या नोटेवरचा रथ. रथाच्या चाकाशी आई उभी, शेजारी मी दोन वेण्या घालून, भाऊ उन्हामुळे डोळे बारीक करून. आणि फोटोच्या खालच्या कडेपासून निघून थेट आमच्या पायांपर्यंत आलेली एक लांब काळी सावली. दोन कोपरं बाहेर, खांद्याला पिशवी. क्लिक-थ्रीसारख्या कॅमेऱ्याने काढायचं तर सूर्य पाठीशी घ्यायचा, हे तेव्हा सगळ्यांना पाठ असायचं. संध्याकाळची वेळ, म्हणजे काढणाऱ्याची सावली फोटोत येणारच. मला तो फोटोतला दोष वाटला. गिंपमध्ये क्लोन नावाचं हत्यार आहे : शेजारची स्वच्छ जमीन उचलायची नि डागावर थापायची, शेणाने सारवावं तसं. मी नुकतीच ते शिकले होते. तीन तास खपून मी ती सावली इतकी बेमालूम पुसली की माझं मलाच कौतुक वाटलं. मूळ स्कॅन उघडून त्यावरच काम केलं होतं, आणि शेवटी ‘ओव्हरराइट’वर क्लिक केलं.

संध्याकाळी आईला बोलावून दाखवलं. तिने चष्मा पुसला, वाकली, बराच वेळ बघितलं.

“छान दिसतंय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हे कुठे गेले?”

“कोण?”

“हे गं. इथे होते की खाली. माझी पिशवी खांद्याला अडकवून.”

मी पडद्याकडे बघत राहिले. 24 फोटो मी दोन-दोन वेळा स्कॅन केले होते, कडा कापल्या होत्या, ठिपके मोजले होते. अण्णा त्यांतल्या एकाही फोटोत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कसे असतील? कॅमेरा त्यांच्या हातात. त्या अख्ख्या सहलीत ते फक्त तेवढ्या एका ठिकाणी होते, आणि तिथे मी माती थापली होती. वर बाकीच्या सगळ्या फोटोंना आकडे भरभरून खोट्या सावल्या घालून ठेवलेल्या.

अनडू करून बघितलं. पण मधे मी सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं होतं, आणि बंद केलं की मागचं काही त्याच्या लक्षात राहत नाही. हा जो ओव्हरराइट आहे, त्याचं मराठीत सरळ ‘बोळा फिरवा’ असं भाषांतर करायला हवं, म्हणजे माझ्यासारखे चार लोक वाचतील.

भाचीला फोन केला. तिने डबा काढून फोटो शोधला, मोबाइलवर काढला नि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. आला तो एवढासा नि धुरकट, कारण व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करून पाठवतं. “अगं, स्कॅन कर. 1200 वर. आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव,” मी म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “हो बाई.” बाई म्हटल्याचं मला जरा बरंच वाटलं.

फोटो येईपर्यंत आई बोलत बसली. आम्ही विरूपाक्ष मंदिरात गेलो होतो ते तिला आठवत होतं. तिथे मागच्या बाजूच्या एका अंधाऱ्या खोलीत, भिंतीवर गोपुराची सावली पडते, आणि ती उलटी पडते. कळस खाली, पाया वर. सगळे लोक हात जोडत होते. अण्णांनी आम्हा दोघांना पुढे घेऊन समजावलं होतं, की समोरच्या फटीतून उजेड सरळ रेषेत येतो, वरचा खाली जातो, खालचा वर. “आत्ता आपण कॅमेऱ्याच्या पोटात उभे आहोत,” असं ते म्हणाले होते. ते वाक्य मला आठवत होतं; आईला वेगळंच आठवत होतं. “तिथला फोटो नाही काढता आला ह्यांना. अंधार होता. फार हळहळले.”

नवा स्कॅन आला. या वेळी मूळ फाइल वेगळी ठेवली, तिची एक प्रत पेनड्राइव्हवर, एक भाचीकडे, आणि कामाला तिसरी घेतली. शेवटचं पान फक्त या एका फोटोला दिलं. मागे इरकलीचा पदर, मध्ये आठ इंचांचा फोटो, बाकी काही नाही. पान कापताना चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जातात असं छपाईवाल्याने बजावलं होतं, म्हणून फोटो कडेपासून चांगला आत घेतला. अण्णांचा काही भाग पुन्हा कापला जायला नको.

राहिली अक्षरं. वर ‘सोलापूर ते हंपी, 1979’ लिहिलं तर आईने लगेच बोट ठेवलं, “हा ल असा का? हिंदीतला वाटतो.” खरंच की. दोन पाकळ्यांचा आपला ल नव्हता तो. शासनाने 2009 साली मराठी ल आणि श कसे काढायचे ते ठरवून दिलंय, मीही फळ्यावर तसेच काढत आले, पण फाँटांना कोण सांगणार? शोधता शोधता तिरो देवनागरी मराठी सापडला. त्यातला ल आईच्या पसंतीस उतरला.

मग मी विचारलं, “खाली काय लिहू?”

“लिही,” ती म्हणाली, आणि पडद्यावर बोट ठेवून डावीकडून सांगत गेली. “मी. तुम्ही दोघं. आणि हे.”

मी तसंच टाइप केलं. रात्री सगळी पानं भाचीकडे शेवटची नजर टाकायला पाठवली. सूर्य सगळीकडे एकाच बाजूला होता, तिने फक्त दोन ठिकाणी अनुस्वार काढायला सांगितला. आणि शेवटच्या पानाबद्दल लिहिलं, “आत्या, इथे वाक्य अर्धवट राहिलंय. ‘आणि हे’ पुढे काय?”

आई जागीच होती. तिला विचारलं, नाव घालू का अण्णांचं?

“नाव कशाला?” ती कूस बदलत म्हणाली. “हे म्हणजे हे.”

मी भाचीला कळवलं, वाक्य पूर्ण आहे, छापायला जाऊ दे.