एक रुपयाची मोटार

सांगलीच्या हळदपेठेतील एका जुन्या पेढीच्या वह्यांत वडिलांच्या मोटारीची किंमत घसारा वजा होता होता १ रुपयावर येऊन थांबली होती. वडील गेले, मोटार वखारीत गेली. दुरुस्तीसाठी एकदा तिचा वरचा भाग उतरवला होता, तो उतरलेलाच राहिला. साठी उलटल्यावर थोरल्या मुलाने पोती बाजूला सारली तेव्हा समोर उघडी चासी होती. दारे, बॉनेट, काचा भिंतीला टेकलेल्या.

गाडी स्टँडर्ड हेराल्ड. इंग्लंडात ट्रायम्फ कंपनीने १९५९ साली आणलेली, इटलीच्या मिकेलोत्ती यांनी आरेखलेली ही मोटार १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागली. त्या काळात मोटारी एकसंध सांगाड्याच्या होऊ लागल्या असताना हिची चासी मात्र वेगळी होती आणि वरचा भाग तुकड्यांनी बोल्ट लावून जोडलेला. बॉनेट तर मडगार्डांसह अख्खेच पुढे कलते. म्हणूनच ती पुन्हा उभी करण्याची आशा धरता आली.

इंजिन सुटे झाले, ब्रेकच्या नळ्या नव्या आल्या. अडचण निघाली ती चासीत. तिचे बाजूचे हात गंजून भुगा झाले होते. मिस्त्री म्हणाला, "शेठ, एक चांगली चासी बघून ठेवलीय. आपली नंबरपट्टी राहू दे तशीच. कोण बघतंय?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते, काम स्वस्तात आणि लवकर झाले असते.

पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज वाहन ५० वर्षांहून जुने हवे आणि त्याची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. चासी बदलली, तर अर्जावरील सही खोटी ठरणार. त्या रात्री मुलगा जुना चोपडा उघडून बसला. तोलात कमी भरलेल्या पोत्याचे शेरसुद्धा वडिलांनी गिऱ्हाइकाच्या नावे जमा केले होते. सकाळी त्याने मिस्त्रीला सांगितले, "कुजले तेवढेच कापा, उरलेले ठेवा."

त्यात आणखी आठ महिने गेले. या पैशांत शेअर घेतले असते तर बरे, असे धाकटा भाऊ म्हणाला. हिशेब म्हणून त्याचे खरेच होते. तरी वारस म्हणून ना-हरकत पत्रावर त्याने मुकाट्याने सही केली.

तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने नेमके जोडावर बोट ठेवले. "हे काय?" काय कापले, काय राखले, याची छायाचित्रे मुलाने पुढे केली. त्या दिवशी निर्णय झाला नाही. दुसऱ्या तपासणीनंतर १० वर्षांचे प्रमाणपत्र मिळाले. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. हिची जुनी नोंद होती, म्हणून वडिलांचाच क्रमांक राहिला.

ही गाडी रोजच्या वापरास मात्र चालत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणे, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. बांना तीतून देरासरला न्यावे, ही मुलाची जुनी इच्छा. ती नियमात बसेना. शेवटी पहिली फेरी पेट्रोलपंपाची ठरली. ब्याऐंशी वर्षांच्या बा मागच्या आसनावर पदर सावरून बसल्या.

"किती टाकू?" पंपावरच्या पोराने विचारले.

"थोडंच टाक रे," बाच बोलल्या. "म्हणजे उद्या परत यावं लागेल."