चार प्रश्नांचा फॉर्म

गेल्या शनिवारी सकाळी चहा घेता घेता बायकोने लॅपटॉप उघडला, हॉस्पिटलचा कसलासा फॉर्म काढला आणि दीड मिनिटात बंदही केला.

"काय गं?"

"टीबीचा. दरवर्षीचा. तीन आठवड्यांचा खोकला नाही, ताप नाही, रात्री घाम येत नाही, वजन कमी झालेलं नाही. दुर्दैवाने." आणि ती पोह्यांकडे वळली.

२०२२ साली याच विषयावरून आमच्या घरात दोन रात्री कुणी नीट झोपलं नव्हतं. म्हणून आजचा लेख त्यावर. कोड आणि क्लायंट यांना आज सुट्टी.

तर झालं असं. बायको फिजिओथेरपिस्ट. मुंबईत शिकली, इंटर्नशिपही तिथल्याच एका गजबजलेल्या हॉस्पिटलात केली. मग लग्न, मग माझं ऑनसाईट, मग न्यू जर्सी. तुमच्यापैकी जे डिपेंडंट व्हिसाच्या वाटेने गेलेत त्यांना पुढचं सांगायला नकोच. डिग्रीची तपासणी, परीक्षा, लायसन्स, वर्क परमिट. चार वर्षं घरात बसून काढल्यावर तिला एका हॉस्पिटलात नोकरी लागली. रुजू व्हायच्या आधी फक्त हेल्थ चेकअप. "औपचारिकता आहे गं," असं मी म्हणालो. (मी प्रॉडक्शनला कोड टाकतानाही हेच म्हणतो.)

चेकअपमध्ये टीबीची स्किन टेस्ट होती. कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला कातडीत अगदी बारीक सुई टोचतात, मसुराच्या दाण्याएवढा फुगा येतो, आणि ४८ ते ७२ तासांत परत जाऊन दाखवायचं. नर्स लाली मोजत नाही. बोटाला लागणारा कडक भाग पट्टीने मोजते. हॉस्पिटलात काम करणाऱ्यांसाठी १० मिलिमीटरला रेघ मारलेली असते. हिचा निघाला १४. संध्याकाळी ईमेल आली. रिझल्ट पॉझिटिव्ह, पुढील सूचनेपर्यंत जॉइनिंग स्थगित. बस, दोन ओळी.

ही सोफ्यावर बसून राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मला टीबी आहे?" सगळं शिकलेली मुलगी, तिलाही त्या क्षणी हेच सुचलं. सासूबाईंना फोन लावला तर त्यांचं पहिलं वाक्य, "कुणाला सांगू नकोस हं."

आता थोडं तांत्रिक. आपल्याकडे बाळ जन्मलं की बीसीजी देतात. डाव्या दंडावरचा तो वण म्हणजे आपल्या पिढीचा व्हर्जन स्टॅम्पच. बीसीजीमुळे स्किन टेस्ट फसू शकते, म्हणून आपल्यासारख्यांची रक्ताची टेस्ट करणं बरं. क्वांटिफेरॉन म्हणतात तिला, बीसीजीने ती फसत नाही. हिने तसा अर्ज केला, रक्त दिलं. तीही पॉझिटिव्ह. आता वणावर खापर फोडायची सोय राहिली नाही. कधीतरी, कुठेतरी, खरोखरच जंतू आत गेला होता.

पण एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, ताप नाही. याला लेटंट टीबी म्हणतात. जंतू शरीरात झोपलेला असतो, माणूस आजारी नसतो आणि कुणाला लागणही देऊ शकत नाही. अशा शंभरातल्या साधारण ५ ते १० जणांना आयुष्यात कधीतरी खरा आजार होतो. तिथल्या डॉक्टरीणबाईंना यात कसलंच नवल वाटलं नाही. त्यांनी नोकरीला लगेच हिरवा कंदील दिला आणि चार महिने रिफॅम्पिसिन घेण्याचा सल्ला दिला. सक्ती नव्हती, हिने स्वतःहून घेतलं. त्या गोळीने लघवी नारिंगी होते, अश्रूसुद्धा रंगतात आणि कॉन्टॅक्ट लेन्सवर डाग पडतात. म्हणून नव्या नोकरीचे पहिले चार महिने बाईसाहेब कॉलेजातला जुना जाड चष्मा लावून गेल्या.

हे सगळं निस्तरायच्या आधी, त्या दोन जाग्या रात्रींतल्या पहिल्या रात्री, हिने सासूबाईंचा सल्ला मोडून एकाच माणसाला फोन केला. माझ्या मावसबहिणीला. ताई मुंबईत स्टाफ नर्स आहे, मेडिसीन वॉर्डात. आणि ताईला २०१६ मध्ये टीबी झाला होता. झोपलेला नाही, जागा.

मला तोवर तिची गोष्ट तुकड्यातुकड्यांत माहीत होती. त्या रात्री स्पीकरवर पहिल्यांदा सलग ऐकली. सहा आठवडे खोकला होता. वॉर्डात सगळेच खोकतात, त्यात आपला एक. सिरप घेत राहिली. रजा दिवाळीला गावी जायला साठवलेली होती, ती मोडवेना. आणि गंमत (तिचाच शब्द) म्हणजे तिच्या टेबलामागच्या भिंतीवरच पोस्टर होतं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. पेशंटच्या नातेवाइकांना ती रोज ते बोटाने दाखवायची. शेवटी नाइट ड्यूटीला एका शिकाऊ डॉक्टरने तिचा खोकला ऐकला आणि न विचारता हातात डबी दिली. दुसऱ्या दिवशी सीबीनॅटचा रिपोर्ट आला. टीबी होता, एवढंच नशीब की साध्या औषधांना दाद देणारा होता.

सहा महिने औषध घेऊन ताई ठणठणीत बरी झाली. पण तिची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. सहा आठवडे ती आईच्या कुशीत झोपत होती. तिला आजार नव्हता, पण एवढ्या लहान पोरांना धोका मोठा, म्हणून तिला सहा महिने आयसोनियाझिडची गोळी चुरून मधातून द्यायची. ताई म्हणाली, "माझ्या गोळ्यांचं मला काहीच वाटलं नाही रे. तिची गोळी चुरताना रोज वाटायचं."

ती कामावर परत गेली तेव्हा कुणीतरी तिचा चहाचा कप बाजूला काढून ठेवलेला होता. नर्सेसनी! टीबी कपाने नव्हे, हवेतून पसरतो हे ज्या रोज दुसऱ्यांना समजावतात, त्यांनी.

मी विचारलं, "ताई, तुमची तपासणी नाही का होत?"

"झाली ना. नोकरीला लागताना एक्स-रे काढला होता. नॉर्मल होता. त्यानंतर कुणी विचारलंच नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं. रिलीजच्या दिवशी सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि पुढची दहा वर्षं मॉनिटरिंग शून्य. हापिसात असं कुणी केलं तर आपण त्याला फाडून खाऊ.

माझं पहिलं मत अर्थातच उथळ होतं. अमेरिकेत तपासतात, आपल्याकडे नाही, म्हणजे आपल्याकडेही सगळ्यांना दरवर्षी टोचा. मग वाचत गेलो तसं ते गळून पडलं. अमेरिकेत वर्षाला लाखामागे साधारण तीन जणांना टीबी होतो. तिथे पॉझिटिव्ह ही बातमी असते. आपल्याकडे २०१९ ते २०२१ मध्ये देशभर जे सर्वेक्षण झालं, त्यात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत संसर्ग आढळला. त्यांतले बहुतेक जण ठणठणीत, जंतू झोपलेला. आता वॉर्डातल्या नर्सेसची टेस्ट केली आणि दर तिसरी पॉझिटिव्ह आली, तर त्यातून काय कळलं? शिवाय ही टेस्ट औषध घेऊनही बहुधा पॉझिटिव्हच राहते, म्हणजे एकदा आली की पुढे त्या माणसापुरती निरुपयोगी. कायम लाल असलेल्या दिव्याकडे कोण बघणार?

आणि अमेरिकेनेही २०१९ मध्ये ती वार्षिक टेस्ट सोडली. नोकरीला लागताना करायची, कुठे लागण होण्यासारखा प्रसंग घडला तर करायची, पण दरवर्षी सरसकट नाही. नवे पॉझिटिव्ह फारच थोडे निघत होते, आणि त्यांतलेही बरेच पुन्हा तपासले की निगेटिव्ह. सुरुवातीच्या टेस्टची मात्र त्यांची काळजी वाखाणण्यासारखी. स्किन टेस्ट निगेटिव्ह आली तरी एक ते तीन आठवड्यांनी पुन्हा टोचतात. कारण जुना संसर्ग शरीर विसरलेलं असू शकतं. पहिल्या टोचणीने त्याला आठवण होते आणि दुसरीला ते दाद देतं. ही दुसरी आज केली नाही, तर वर्षभराने आलेलं पॉझिटिव्ह नवीन आहे की जुनंच जागं झालंय, हे कळणार नाही. बेसलाइन नीट घ्या म्हणून मी ज्युनियर पोरांच्या कानीकपाळी ओरडतो, ते हेच.

मग आपल्याकडे काय हवं? वॉर्डाच्या खिडक्या उघड्या, खोकणारे पेशंट वेगळे बसवणं, कर्मचाऱ्यांना एन-९५ (साधा सर्जिकल मास्क पेशंटने लावायचा, तो लावणाऱ्याचं टीबीपासून रक्षण करत नाही). यातलं बरंचसं २०१० सालच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. दगडखाणी आणि क्रशरवरच्या मजुरांना तर याहून जास्त गरज, कारण सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं खराब झाली की टीबीला मोकळं रान. पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी. आणि हवा तो विचारणारा माणूस. दर महिन्याला हजेरीच्या वहीबरोबर चार प्रश्न, आणि कुणी 'हो' म्हणालं तर लगेच थुंकी आणि एक्स-रे. प्रश्न फुकट आहेत. महाग आहे ते 'हो' म्हणणं. ताईला पोस्टर पाठ होतं, 'हो' परवडत नव्हतं.

बायकोच्या हॉस्पिटलात हा फॉर्म सगळ्यांनाच असतो. गेल्या वर्षी तिचा सर्दीनंतरचा खोकला महिनाभर रेंगाळला होता, तेव्हा तिने फॉर्मवर 'हो'वर टिक केलं. तासाभरात फोन, त्याच दिवशी एक्स-रे, थुंकीचे नमुने आणि रिपोर्ट येईपर्यंत चार दिवस घरी. काही निघालं नाही. त्या रविवारी ताईशी बोलताना हिने हसत हसत सगळं सांगितलं.

पलीकडे जरा वेळ नुसताच पंख्याचा आवाज आला.

"आणि पगार?" ताईने विचारलं.

"दिला की चार दिवसांचा."

"रजेतून?"

"नाही गं. रजा तशीच आहे."

"बरं," ताई म्हणाली. मग लेकीला हाक मारली, "ये गं, मामीशी बोल." ती आता सातवीत आहे, आणि आम्हाला शाळेच्या कबड्डीबद्दल वीस मिनिटं ऐकावं लागलं.