दार लोटून घेणारी

अमेरिकेतल्या लहान गावांतल्या चर्चमध्ये उपासनेच्या दालनातून कॉफीच्या टेबलाकडे जाताना बोळात बहुधा एक कपाट लागतं. त्यालाच लायब्ररी म्हणायचं. वरच्या खणांत बायबलवरची भाष्यं आणि मिशनऱ्यांची चरित्रं, कोरी करकरीत. ती राहते खालच्या खणांत. कणा वाकलेला, कोपरे मऊ पडलेले, मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातलं कार्ड सह्यांनी भरलेलं. ख्रिस्ती कादंबरी ही. पूर्वी नुसती प्रेमाची होती, आता तिच्यात प्रेमाबरोबर पाठलाग, धमकीची पत्रं आणि एखाददुसरा खूनही असतो.

तिचा स्वभाव चेहऱ्यावर लिहिलेला असतो. मुखपृष्ठावर गवताळ माळ, लांब झगा आणि डोक्यावर बॉनेट असेल तर निवांत बसा. कोणी मेलंच तर तापाने मरेल. निळसर अंधार, बर्फ आणि मागे वळून बघणारी बाई असेल तर दाराची कडी एकदा तपासून या. टोरांटोच्या हार्लेक्विन कंपनीने हे दोन चेहरे रीतसर वेगळे काढले. त्यांची ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही माला १९९७ साली आली आणि तिची ‘सस्पेन्स’ बहीण २००५ साली.

चेहरे दोन असले तरी घरातली शिस्त एकच. नायक-नायिका जवळ येतात, चुंबनाची पाळी येते, तीही बहुधा शेवटाकडे, आणि मग ती हळूच दार लोटून घेते. आत काय झालं याची चौकशी करायची नाही. शिव्यांचंही तेच. बँकेत लोकांना ओलीस धरणारा माणूस, कमरेला बाँब बांधलेला, तोसुद्धा तोंड सांभाळून बोलतो. ‘त्याने शिवी हासडली’ एवढं सांगून ती पुढे सरकते. प्रेताचा मात्र तिला संकोच नाही. प्रेत पहिल्या प्रकरणातच पडलेलं असतं. खून चालतो आणि शिवी चालत नाही, हा तिचा हिशेब मला अजून नीटसा उलगडलेला नाही. पण तिच्या वाचकांना तो मान्य आहे आणि ते त्यावर ठाम आहेत.

घराणं जुनं आहे. आजी म्हणजे ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल (१८६५–१९४७). नवरा पाळक होता; तो १८९९ साली वारला. पदरात दोन मुली. बाईंनी पोटासाठी लेखणी धरली आणि शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहून ठेवल्या. शेवटची अर्धवट राहिली, ती मुलीने पुरी केली. मग १९६७ साली कॅथरीन मार्शलची ‘क्रिस्टी’ आली. टेनेसीच्या डोंगरात शाळा चालवायला निघालेली एकोणीस वर्षांची मुलगी, एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला देवाशी फारकत घेतलेला डॉक्टर. या घराण्यातल्या उत्तम पुस्तकांना आज जो पुरस्कार मिळतो, त्याला ‘क्रिस्टी’चंच नाव आहे.

आज आपण जिला ओळखतो तिची आई मात्र जॅनेट ओक. कॅनडातल्या अल्बर्टाची. तिची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ मिनियापोलिसच्या बेथनी हाउसने १९७९ साली काढली. नवऱ्याबरोबर गाडीने पश्चिमेकडे निघालेली मार्टी, पोटात मूल. वाटेतच नवरा जातो. ज्या दिवशी त्याला पुरलं त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक अनोळखी विधुर समोर येऊन लग्नाचं विचारतो. प्रेमाबिमाचं काही नाही. त्याच्या लहानग्या मिसीला आई हवी, हिला डोक्यावर छप्पर. वसंतात गाड्यांचा तांडा पूर्वेकडे परत निघेल तेव्हा जायचं असेल तर भाडं मी देईन, असा करार. पुढची बरीच पानं स्वयंपाकघरात जातात. तिला स्वयंपाक येत नाही, घरात रोज तेच ते पॅनकेक होतात आणि तो मुकाट खातो. सगळं प्रेम त्या मुकाट खाण्यात आहे. ज्यांना या कादंबऱ्या मिळमिळीत वाटतात त्यांनी एवढी प्रकरणं वाचावीत. दार लोटून घेणाऱ्या लेखिकेला बाहेरच्या खोलीत किती काम उरतं ते कळतं.

घराण्यात एक मावशीही आहे, तिच्यावरून घरात दोन तट आहेत. फ्रान्सिन रिव्हर्स आधी साध्या, बिनधार्मिक प्रेमकथा लिहीत असे. १९८६ च्या सुमारास ती ख्रिस्ती श्रद्धेकडे वळली आणि १९९१ साली तिची ‘रिडीमिंग लव्ह’ आली. बायबलातल्या होशेय संदेष्ट्याला व्यभिचारी स्त्रीशी लग्न करण्याची आज्ञा होते, ती गोष्ट उचलून तिने १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या खाणींच्या गर्दीत नेली. लहानपणी विकली गेलेली एंजल, तिला वेश्यागृहातून घरी आणणारा मायकेल होशेय, आणि तिचं पुन्हापुन्हा पळून जाणं. आधी ती सर्वसाधारण प्रकाशकाने छापली होती. १९९७ साली सुधारून ख्रिस्ती प्रकाशनाकडून निघाली. तरी मावशीचं दार किंचित उघडं राहतं, असं म्हणणारे आहेत. कोणी ते पुस्तक छातीशी धरून ‘आधी हे वाच’ म्हणतं, तर शेजारची हळूच सांगते, ‘चौदा वर्षांच्या मुलीला देऊ नकोस हं.’ माझं मत दुसरीच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं. शरीरविक्रीचं दुःख इतक्या जवळून आणि इतक्या लांबणीने सोसायला वाचक थोडा पिकलेला बरा.

शिफारशीच्या वेळी या कादंबरीबद्दल जे प्रश्न विचारले जातात त्यांतून तिची ओळख पटते. भाषा कशी आहे, कोणी सहसा विचारत नाही. स्वच्छ आहे ना? भीती किती? रात्री एकटीने वाचवेल? उपदेश किती? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: मालिकेतलं कितवं? ती एकटीदुकटी फार क्वचित येते. येते तेव्हा भावंडांसकट.

भावंडांवरून आठवण झाली डी हेंडरसनच्या ओमॅली मालिकेची. प्रेम आणि थरार या दोन्ही खणांत ठेवता येईल अशी तिच्याइतकी शिफारस झालेली मालिका क्वचित सापडेल. सात अनाथ मुलं, रक्ताचं नातं नाही, मोठी झाल्यावर ठरवून एक आडनाव घेतलेली. कोणी मार्शल, कोणी अग्निशामक दलात, कोणी शवविच्छेदन करणारी. ‘द निगोशिएटर’मधली केट शिकागोच्या पोलिसांत आहे, ओलिसांच्या सुटकेसाठी गुन्हेगारांशी बोलणी करते. बाँब बांधून बसलेल्या माणसासमोर ती थंड डोक्याने बोलत राहते, आणि ओलिसांत अडकलेला एफबीआयचा डेव्ह तिच्याकडे बघत राहतो. तो श्रद्धावान, ही नाही. इथे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला सल्ला आडवा येतो: विश्वासणाऱ्याने अविश्वासणाऱ्याशी जोड जुळवू नये. प्रेमाच्या वाटेतला खरा अडथळा हाच. गुन्हेगार सापडणार हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असतं. माणसांचं इतकं क्रौर्य पाहिलेली बाई देवाला काय म्हणेल, ते माहीत नसतं, आणि आपण पानं उलटतो ती त्यासाठी. सर्वांत धाकट्या जेनिफरला कॅन्सर झालेला आहे, ती श्रद्धेकडे वळली आहे, आणि बाकीच्या सहांना एकेका पुस्तकात त्याच प्रश्नाला सामोरं जावं लागतं.

ख्रिस्ती कादंबरीचा दोषही नेमका इथेच आहे. हात कच्चा असेल तर मनपरिवर्तन लग्नाच्या मुहूर्तावर उरकलं जातं. शेवटून दुसऱ्या प्रकरणात नायिका गुडघे टेकते, शेवटच्यात अंगठी. देवाशी चाललेलं भांडण असं दीड पानात मिटलं की वाचकाचा विश्वास उडतो, श्रद्धावान वाचकाचाही. टेरी ब्लॅकस्टॉक ही घाई सहसा करत नाही. तीही आधी दुसऱ्या नावाने बाजारी प्रेमकथा लिहून मग इकडे आलेली. तिच्या ‘इफ आय रन’मध्ये (२०१६) केसी खुनाच्या जागेवर आपल्या पावलांचे ठसे सोडून पळते, आणि तिला शोधायला नेमलेला डिलन स्वतः युद्धातून मोडून आलेला आहे. त्या धावपळीत प्रवचनाला जागाच नाही.

मराठी वाचकाने या कादंबरीबाईकडे परकी म्हणून पाहण्याचं कारण नाही. आपली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची, आणि ती ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती हेतूने लिहिलेली आहे. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, विधवांचे हाल बघते, पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. प्रेम तिथे बेताचंच. विधवांच्या कहाण्या आजही टोचतात, उपदेश मात्र जड जातो. म्हणजे हेतूच्या ओझ्याचा दोष वयाने ओकबाईंपेक्षा बराच थोरला आहे.

अलीकडे अमेरिकेत ख्रिस्ती कादंबरीची बाहेरची ठिकाणं कमी झाली. ‘फॅमिली ख्रिश्चन’ ही दुकानांची साखळी २०१७ साली बंद पडली, ‘लाइफवे’ने २०१९ साली आपली सगळी दुकानं मिटली. फळीवर चार पुस्तकं चाळून एक उचलावं, ही सोय गेली. आता ती या हातातून त्या हातात जाते, एकीच्या शब्दावर दुसरी घेते, म्हणून शिफारस करणारीने जरा जबाबदारीने बोलावं.

कोणाला द्यायचीच झाली तर स्वयंपाकघर आवडणाऱ्याला ओक द्या, झोप उडवायची असेल त्याला ब्लॅकस्टॉक, आणि ओमॅली दिल्यात तर ‘द निगोशिएटर’पासूनच द्या. मधलं पुस्तक देऊ नका. जेनिफरच्या आजाराची बातमी वाचकाला भलत्याच जागी कळेल.