चिमूटभर मीठ आणि तिखटमीठ

मुलं इंग्रजी माध्यमात गेली, की मराठी शाळेत शिकलेल्या आईची पंचाईत होते. गणित एकवेळ निभावतं. पण इंग्रजीची वही वडिलांकडे जाते. ‘आई, तुला नाही कळायचं,’ असं लेक सहज म्हणून जाते आणि आपल्या ते जिव्हारी लागतं.

माझ्या लेकीला वाक्प्रचारांचा धडा आला, तेव्हा मी पदर खोचून तिच्याशेजारी बसले. पहिलाच होता ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. म्हणजे धो धो पाऊस. जोनाथन स्विफ्टच्या १७३८ सालच्या पुस्तकातही तो आहे, इतका जुना! लेक हसत सुटली, “पावसात कुत्री-मांजरं?” मी म्हटलं, “अगं, आपल्या मुसळधार पावसात तरी मुसळं कुठे पडतात?” तेव्हा ती विचारात पडली.

वाक्प्रचाराचे शब्द सुटे करू नयेत. माणसं तो कधी वापरतात, ते पाहावं. ‘ब्रेक द आइस’ म्हणजे अनोळखी माणसांतला अवघडलेपणा घालवणं. हळदीकुंकवाला नवी सून गप्प बसलेली असते, कुणीतरी “माहेर कुठलं गं तुझं?” म्हणून बोलतं करतं ना, तेच हे! ‘फ्राइंग पॅन’मधून विस्तवात पडणं म्हणजे आपलं आगीतून फुफाट्यात. चहाच्या कपातलं त्यांचं वादळ आपल्याकडे पेल्यात होतं, एवढंच.

मात्र सारखे दिसणारे शब्द फसवतात. ‘विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हणजे ऐकलेलं सगळंच खरं न मानणं. आपल्याकडे सांगणारी तिखटमीठ लावते, त्यांच्याकडे ऐकणारी चिमूटभर मीठ घेते! आणि आपल्या ‘डोकं खाऊ नकोस’चं शब्दशः इंग्रजी केलं, तर साहेब घाबरून पळेल.

मैत्रिणींनो, म्हणी आणि वाक्प्रचार आपण आजीच्या मांडीवर शिकलो. बोलण्यातली खोच ओळखण्याची ती जाण इंग्रजीलाही उपयोगी पडते. शब्दाचा अर्थ अडला, तर कोश आहेच. तेव्हा मुलांकडून रोज एक इंग्रजी वाक्प्रचार घ्या आणि त्यांना एक मराठी द्या. मुलांचा अभ्यास होईल, मराठी त्यांच्या तोंडी राहील, आणि घरातलं शिकणं-शिकवणं बरोबरीचं होईल.