बिंबली कालवणात, पेल्यात नव्हे

बांगड्याच्या कालवणात दोन-चार बिंबल्या पडल्या की मी एक भाकरी जास्तच खाते. ते झाड काही मी तोडू देणार नाही! पण कोलेस्टेरॉल उतरते म्हणून तिचा कच्चा रस पेलेच्या पेले पिणाऱ्यांशी मी भांडते. केरळातल्या अशा १० जणांची हकीगत डॉक्टरांनी २०१३ साली छापली. मूत्रपिंडे अचानक बंद पडली, सातजणांना डायलिसिस करावे लागले. मूत्रपिंडाचा सुईने काढलेला कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बारीक नळ्यांत ऑक्झलेटचे स्फटिक अडकलेले! फळातल्या ऑक्झॅलिक आम्लाची ही करणी. रस सोडल्यावर मूत्रपिंडे सावरली. तुमच्या घरी कुणी हा रस घेत असेल आणि लघवी कमी झाली, तर डॉक्टरांना रसाचे आधी सांगा. परसातल्या फळाविषयी ते आपणहून विचारतीलच असे नाही.